शहाणी घोडी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला फोन केला तेव्हा विषय दिला होता ‘यशस्वी जीवनाची सूत्रे’. मी म्हटलं, बाबांनो, मला त्यातलं काही माहीत नाही. घोड्यांवर बोलायचं असेल तर येतो. पलीकडे जरा शांतता झाली, मग मागून कोणीतरी हसलं आणि म्हणालं, “येऊ दे रे घोड्याला.” म्हणजे अडतीस वर्षांनीही माझं नाव बदललेलं नाही, हे कळलं.

नवीन लग्न होऊन आलेल्या वहिनींना आणि मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. माझे वडील, बापू, माथेरानला घोडेवाले होते. वर मोटार जात नाही, दस्तुरी नाक्याला सगळ्या गाड्या थांबतात. तिथून पुढे चालत, हातरिक्षाने नाहीतर घोड्यावर. आता ई-रिक्षा आल्यात, तेव्हा नव्हत्या. सीझनला बापू आणि आई वर राहायचे आणि मी खाली नेरळला आत्याकडे, शाळेसाठी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दप्तर घेऊन वर जायचा आणि सोमवारी पहाटे उतरून थेट वर्गात. त्यामुळे सोमवारी माझ्या अंगाला जो वास यायचा, त्याबद्दल इथे बसलेल्या काही जणांनी बाईंकडे तक्रार केली होती. नावं घेत नाही. दुसऱ्या रांगेत आहेत.

तर घोड्यांबद्दल. मी पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आणि आज जवळजवळ तीस वर्षं घोडेच तपासतोय. लोक मला विचारतात, घोड्याला कळतं का हो आपलं मन? मी म्हणतो, त्याला आपलं कळतं याची काळजीच करू नका. आपल्याला त्याचं कळतं का, तेवढं बघा.

गणिताचे सर इथे बसलेत म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. सर, तुमच्याच पेशातली आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणित-शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवलं. तीन अधिक चार किती, म्हटलं की हान्स टाप आपटायचा, सात वेळा. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारीख, वार, सगळं. लोक गर्दी करायचे. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, त्यांना लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नीट प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निकाल जाहीर केला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा हान्सला विचारणारा दिसतच नसेल, तर हान्सचं गणित बिघडायचं. तो आकडे मोजतच नव्हता. टापांची संख्या बरोबर उत्तरापाशी आली की विचारणाऱ्याचं डोकं अगदी किंचित वर व्हायचं, ताण सुटायचा. त्या माणसाला स्वतःलाही ते ठाऊक नसायचं. हान्सला ते दिसायचं, आणि तो थांबायचा.

कॉलेजात आम्हाला ही गोष्ट ‘घोड्याला गणित येत नाही’ याचा पुरावा म्हणून सांगितली होती. मला ती नेहमी उलटी वाटत आली. सर, तुमच्या तासाला फळ्यापाशी उभा राहून मीही हेच करायचा प्रयत्न करायचो, तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर काढायचा. मला कधी जमलं नाही. हान्सला जमलं होतं. (हशा)

हे नुसतं शंभर वर्षांपूर्वीचं नाही. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात २०१६ मध्ये अठ्ठावीस घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले, एक हसरा, एक रागीट. रागीट चेहऱ्याकडे घोडे जास्त करून डाव्या डोळ्याने बघत होते, आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत होते. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला. सकाळी घोड्याला एका माणसाचा रागावलेला फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस, अगदी साधा चेहरा ठेवून, समोर आला. घोड्याने त्याला रागीट माणूस म्हणूनच वागवलं. फोटोच्या आधारावर! त्या माणसाला मुद्दामच सांगितलं नव्हतं की सकाळी त्याचा कोणता फोटो दाखवलाय.

बापू सातवी शिकलेले. त्यांचा एक नियम होता: तबेल्यात जायच्या आधी तोंड धुवायचं. आई म्हणायची, घोड्यांपुढे कसला सण आहे. एकदा सावकाराशी भांडण करून बापू तसेच तबेल्यात शिरले आणि जो घोडा त्यांच्या हातून रोज तोबरा बांधून घ्यायचा, तो भिंतीला जाऊन चिकटला. तेव्हापासून हा नियम. पाण्याने राग धुऊन जातो असं नाही, पण त्या मिनिटाभरात श्वास खाली बसतो. मी हे आजही करतो.

आता घोड्याला लागतं काय? खाणं, पाणी, नाल, औषध. हे सगळे करतात, गरीब घोडेवालासुद्धा स्वतः उपाशी राहून करतो. मी म्हणतोय ते याच्या पलीकडचं.

पहिलं, घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, आणि कळपातला आहे. त्याचं सगळं सुखदुःख यातून येतं. साधी झोप घ्या. घोडा उभ्याने डुलक्या काढतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यामुळे सगळ्यांना वाटतं की त्याला आडवं व्हायची गरजच नाही. पण गाढ झोप, स्वप्नांची झोप म्हणतो आपण, ती त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. रोज साधारण अर्धा तास तरी लागते. आणि तो आडवा होतो कधी? जवळ कोणीतरी आपलं उभं आहे, पहारा देतंय, असा भरवसा असेल तर. एकट्या बांधलेल्या किंवा घाबरलेल्या घोड्याचे आठवडेच्या आठवडे तसे जातात, मग तो उभ्याउभ्या झोपेत कोसळतो आणि दचकून सावरतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा दिसल्या की मी मालकाला विचारतो, हा झोपतो कुठे? मालक म्हणतो, घोडे उभ्यानेच झोपतात ना डॉक्टर?

दुसरं खाणं. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. आपण काय करतो? सकाळी चंदी, संध्याकाळी चंदी, मध्ये दहा-दहा तास रिकामी गव्हाण. पोटात जखमा होतात. आणि ते तोंड, जे दिवसभर हलायला बनवलंय, ते मग लाकूड चावायला लागतं. दाराची कड दातांत धरून मान ताणून ‘गक्’ असा हवा आत ओढल्याचा आवाज काढत राहतं. काही घोडे दारात उभे राहून नुसते डावीकडे-उजवीकडे झुलत राहतात, तासन्तास. लोक याला खोड म्हणतात. मीही म्हणायचो.

इथे मला माझं एक सांगायचंय. हे मी जाहीरपणे कधी बोललेलो नाही, पण तुमच्यापुढे नाही तर कोणापुढे बोलणार.

शिकून बाहेर पडल्यावर मला पुण्याच्या बाजूला एका खासगी तबेल्यात काम मिळालं. चांगले, महागडे घोडे. एक होता सुलतान, काळा, सात वर्षांचा. त्याला ही लाकूड चावून हवा ओढायची सवय होती. बंद खोलीत एकटा, बाजूला घोडा दिसणार नाही अशी भिंत, दिवसाला तासभर बाहेर. मालकांना तो आवाज आवडायचा नाही, पाहुणे आले की विचारायचे. मी त्याच्या गळ्याला घट्ट पट्टा बसवला. असा पट्टा मिळतो, मान ताणली की टोचतो. चार दिवसांत आवाज बंद. मालक खूष, मला पगाराबाहेर पैसे दिले, त्यातून मी घरी पहिला रंगीत टीव्ही घेतला.

सुलतान त्यानंतर खोलीत मागच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. शांत. मी त्याच्या कागदावर लिहिलं, ‘सवय सुटली.’

सहा महिन्यांनी एका रात्री त्याला पोटशूळ झाला. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वर यायची वाटच नसते. पहाटेपर्यंत आम्ही धडपडलो. सकाळी त्याला सोडवावं लागलं, ते इंजेक्शन मीच दिलं. पट्ट्यामुळे तो गेला असं मी म्हणत नाही, वैद्यकीयदृष्ट्या तसं म्हणता येणार नाही. हवा ओढणाऱ्या घोड्यांत काही प्रकारचे पोटशूळ एरवीही जास्त दिसतात. पण तो सहा महिने जे सांगत होता त्याचं तोंड मी बांधलं होतं, आणि त्या कागदावर माझी सही होती.

मी सुट्टी टाकली आणि माथेरानला गेलो. साल १९९७.

आता चंद्राबद्दल सांगायला हवं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिला पाहिलंय, नववीच्या सहलीला आपण वर गेलो तेव्हा मुलींना तिच्यावरच बसवलं होतं. पांढरट, लहान चणीची घोडी. तिच्याबरोबर राजा होता. दोघं शेजारी-शेजारी बांधलेली असायची आणि संध्याकाळी खोगिरं उतरली की एकमेकांच्या मानेच्या मुळाशी दातांनी खाजवत उभी राहायची, अर्धा-अर्धा तास. खरारा करायला गेलं तर आम्ही मध्ये आलेलं त्यांना आवडायचं नाही.

१९८५ च्या पावसाळ्यात बापूंनी राजा विकला. पावसाळ्यात वर धंदा नसतो, गाडीही नेरळहून बंद असते. पैशांची नड होती. त्यातली एक नड म्हणजे माझी दहावीच्या क्लासची फी. तोच क्लास, स्टेशनजवळचा, आपण सगळे जायचो तो. राजा अलिबागकडच्या एका टांगेवाल्याकडे गेला.

चंद्रा तीन आठवडे रस्त्याकडे तोंड करून खिंकाळत होती. रात्रीसुद्धा. शेजारचे लोक बोलायला लागले. मग एक दिवस थांबली. बापू म्हणाले, “विसरली.” मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानंतर ती बाजारपेठेतली सगळ्यात शहाणी घोडी झाली. लहान मूल बसवा, घाबरणारी आजी बसवा, ती हलायची नाही. माकड अंगावरून उडी मारून गेलं तरी कान टवकारायची नाही. मुंबईची माणसं दर वर्षी येऊन ‘ती पांढरी घोडी’ मागायची. बारा वर्षं ती आमचं घर चालवत होती.

१९९७ ला मी वर गेलो आणि दस्तुरीला उभ्या असलेल्या चंद्राला बघितलं. बघितलं म्हणजे, पहिल्यांदाच बघितलं. मान पाठीच्या रेषेत, ना वर ना खाली. डोळे उघडे पण कुठेच लागलेले नाहीत. कान मागे-बाजूला, न हलणारे. मी हाक मारली, कान फिरला नाही. घोड्याचा कान हाकेला फिरत नाही, हे लक्षात घ्या. मला कोपऱ्यातला सुलतान आठवला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, २०१२ मध्ये, फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी रपेटीच्या शाळांतल्या घोड्यांवर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी नेमकी हीच ठेवण नोंदवली होती, मान, डोळे, कान, सगळं, आणि असे घोडे आजूबाजूच्या गोष्टींना कमी प्रतिसाद देतात हे मोजून दाखवलं होतं. माणसाच्या नैराश्याशी त्याची तुलना करता येईल का, असा प्रश्न त्यांनी मांडला. तो निबंध मी कर्जत लोकलमध्ये वाचला आणि माझं स्टेशन मागे गेलं.

पण १९९७ ला माझ्याकडे निबंध नव्हता. मी बापूंना म्हटलं, ही शहाणी नाही, हिने सोडून दिलंय. बापूंना राग आला. “तू मला घोडा शिकवणार? बारा वर्षांत एक लाथ मारलेली नाही तिने.” मी म्हटलं, तेच म्हणतोय मी. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर बापू शेजाऱ्यांचं एक म्हातारं, कामातून गेलेलं तट्टू घेऊन येतायत. मला काही न बोलता त्यांनी ते चंद्राच्या शेजारी बांधलं, दोघांना पोचता येईल एवढी दोरी ठेवून.

पहिल्या दिवशी चंद्राने त्याला चावा घेतला. बापू माझ्याकडे असं बघायला लागले! मी म्हटलं, चावली ना? बारा वर्षांत कोणाला चावली होती?

दहा-बारा दिवस गेले. मी पुण्याला परतलो होतो, राजीनामा द्यायला. पोस्टकार्ड आलं बापूंचं. एवढंच लिहिलं होतं की काल संध्याकाळी दोघं एकमेकांना खाजवत होती.

खाजवण्यावरून आठवलं. इथे कोणी घोड्याला हात लावणार असेल तर एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आपण प्रेमाने घोड्याच्या मानेवर फटाफट थापट्या मारतो. घोडे एकमेकांना थापट्या मारत नाहीत. खोगीर जिथे सुरू होतं त्याच्या जरा पुढे, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तिथे बोटांनी खाजवा. १९९० च्या दशकात तिथे खाजवून ठोके मोजले गेले आहेत, ते खरोखर उतरतात. दुसरीकडे खाजवलं तर तसे उतरत नाहीत. आवडलं तर त्याचा वरचा ओठ लांब होईल, हलायला लागेल, अगदी विनोदी दिसतो तो. नाही आवडलं तर मान वळवेल. मग थांबायचं. तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा, तो स्वतःहून जवळ सरकतो का बघायचं. सगळी दोस्ती त्या हात काढून घेण्यात आहे. आणि समोरून थेट कपाळाला हात लावायला जायचं नाही, मागून तर नाहीच. त्या दोन जागा त्याला दिसत नाहीत. खांद्याच्या बाजूने जा, बोलत जा.

नॉर्वेत तर २०१६ मध्ये तेवीस घोड्यांना पाट्यांची भाषा शिकवली. एका पाटीचा अर्थ अंगावर झूल घाला, दुसरीचा झूल काढा, तिसरीचा आहे तसंच राहू द्या. दोन आठवड्यांत सगळे तेवीस शिकले. थंडी-पावसात झूल मागायचे आणि ऊन पडलं की काढायला सांगायचे. मला यात सगळ्यात आवडली ती तिसरी पाटी. घोड्याला ‘नको, आहे ते ठीक आहे’ म्हणायची सोय कोणीतरी करून ठेवली.

आपल्याकडे घोडा म्हटलं की इमानाच्या गोष्टी. धन्यासाठी खाई ओलांडली, धन्यासाठी प्राण सोडले. मी त्या गोष्टींवरच वाढलो, मराठीच्या बाईंनी फार सुंदर शिकवल्या होत्या. पण तीस वर्षांनी मला असं वाटायला लागलंय की घोड्याने मरून दाखवलं तरच आपल्याला त्याचं प्रेम पटतं. बाई, रागावू नका. रोज संध्याकाळी ओठ लांब करून उभ्या असलेल्या घोड्यावर कोणी पोवाडा लिहीत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता चंद्राचं पुढे काय झालं, कारण ही गोष्ट वाटते तितकी गोड नाही. ती बोलायला लागली आणि आमचं नुकसान सुरू झालं. खोगीर बघून कान मागे पाडायची. तंग आवळताना वळून दात दाखवायची. मी पाठ तपासली तर खोगिराखाली दोन्ही बाजूंना जुने, आत गेलेले घट्टे, हात दाबला की अंग शहारायचं. बारा वर्षं ते दुखत असणार. बापू त्यावर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत. त्या सीझनला मुंबईच्या एका कुटुंबाने नेहमीप्रमाणे पांढरी घोडी मागितली, आणि चंद्रा मुलाला घेऊन पाच पावलं गेली आणि थांबली. पुढे जाईना. मूल रडलं, बाप चिडला, पैसे परत द्यावे लागले. बापूंनी तिला धंद्यातून काढली.

घोडेवाल्याच्या घरात कमावणारा एक जीव कमी होणं म्हणजे काय, हे शहरातल्या प्राणिमित्रांना कळत नाही, आणि मला त्यांचा कधीकधी राग येतो. ते वर येतात, फोटो काढतात, घोडेवाल्याला शिव्या घालून जातात. त्याला विचारत नाहीत की पावसाळ्याचे चार महिने तू याला काय खायला घालतोस. आमच्या घरात तेव्हा आईने खानावळीचे डबे सुरू केले. मी खाली नेरळला दवाखाना टाकला, पहिली दोन वर्षं म्हशींवर चालला. चंद्राला विश्रांती मिळाली ती त्या डब्यांवर.

तेव्हा तुम्हाला दोन विनंत्या करतो, अगदी व्यवहारातल्या. एक, माथेरानला घोडा केलात तर एका घोड्यावर एकच माणूस, आणि शंभर किलोचे असाल तर चालत जा, तब्येतीलाही बरं. बसायच्या आधी घोड्याचं नाव विचारा. नाव सांगताना घोडेवाल्याचा चेहरा बघा, तुम्हाला बरंच कळेल. दुसरी, तुमच्या मुलांची लग्नं आता होतायत. वरातीला घोडा असेल तर डीजेची गाडी घोड्याच्या मागे लावू नका, पुढे लांब ठेवा. मागून येणारा आवाज त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि पळता तर येत नाही. तो नाचतो असं आपल्याला वाटतं. तो नाचत नसतो. घोडा नसलाच तर उत्तम, मोटार आणा. माझ्या पुतण्याच्या लग्नात मी हे सांगितलं तर नातेवाईक म्हणाले, घोडेवाल्याच्या घरात घोड्याविना वरात! निघाली. पुतण्या बुलेटवर आला.

चंद्रा नंतर आठ वर्षं जगली. म्हातारं तट्टू तीन वर्षांत गेलं, त्या दिवशी आम्ही त्याला लगेच हलवलं नाही. चंद्राला जवळ जाऊ दिलं. तिने हुंगलं, पायाने एकदा ढकललं, मग बाजूला जाऊन गवत खायला लागली. खिंकाळली नाही. काय झालं ते तिने पाहिलं होतं, राजाच्या वेळी ते झालं नव्हतं. हा माझा अंदाज आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. नंतर तिच्या सोबतीला आम्ही एक शिंगरू आणलं, त्याने तिला फार त्रास दिला.

शेवटी-शेवटी ती खाली नेरळला आमच्या घरामागे होती. पहाटे पाचला बापूंची खोकल्याची उबळ ऐकू आली की खिंकाळायची. शेजारी पुन्हा तक्रार करायला लागले. बापू खिडकीतून ओरडायचे, “अगं आलो, आलो, गप्प बस जरा.” आणि मग मोरीवर पाण्याचा आवाज यायचा, तोंड धुतल्याचा.

एवढंच सांगायचं होतं. सूत्रं काही देता आली नाहीत, समितीने माफ करावं. सध्या माझ्याकडे पाच घोडे आहेत, दोन रिटायर झालेले, तीन उपचाराला आलेले. उद्या सकाळी ज्यांना बघायचे आहेत त्यांनी साडेसहाला शाळेच्या फाटकापाशी यावं, टेम्पो सांगून ठेवलाय. चपला नकोत, बूट घाला. अत्तर-सेंट लावू नका. सर, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय, तुम्ही याच; तिथे एक घोडा आहे, त्याला तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखता येतं का ते बघायचंय मला.